उसण, पेटका आणि चिठ्ठीवरची गोळी: स्नायूंच्या दुखण्यावरील औषधांची तुलना कशी करावी

कंबरेत उसण भरली, मान धरली किंवा खांदा आखडला, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा दोन प्रकारची औषधे एकत्र येतात: एक वेदना आणि सूज कमी करणारे, दुसरे स्नायू सैल करणारे. पुष्कळदा ही दोन्ही एकाच गोळीत असतात आणि त्या गोळीचे नाव एका घरातून दुसऱ्या घरात तोंडी पोहोचते. "शेजारच्या काकूंना हिने दोन दिवसांत आराम पडला, तीच द्या," हे वाक्य औषधाच्या दुकानात काम करताना मी असंख्य वेळा ऐकले आहे. मागणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण काकूंचे दुखणे, त्यांचे वय, त्यांचा रक्तदाब आणि त्यांची इतर औषधे त्या नावाबरोबर येत नाहीत.

अशी चिठ्ठी प्रथमच हाती आलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. औषध ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु आपल्याला काय दिले, ते कशासाठी दिले आणि किती दिवस घ्यायचे, हे विचारणे रुग्णाचे काम आहे, आणि ते नीट विचारता यावे यासाठी या औषधांतील फरक ठाऊक असणे आवश्यक आहे. "यातली जास्त जोरदार कोणती?" या प्रश्नाने ही तुलना होत नाही. कोणत्या दुखण्यासाठी, कोणत्या माणसाला आणि किती दिवसांसाठी, या तीन प्रश्नांनी ती होते.

पहिली पायरी: दुखणे कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे

जड वस्तू उचलताना कंबरेत चमक भरणे, रात्री वाकड्या मानेने झोपल्यामुळे सकाळी मान न वळणे, ही नेहमीची उसण झाली. यात स्नायू किंवा त्यालगतचे ऊतक ताणले जाते आणि तो भाग आक्रसून बसतो. पक्षाघात, मज्जारज्जूची इजा किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारख्या मज्जासंस्थेच्या आजारानंतर हातपाय ताठ होतात, ती गोष्ट निराळी आहे. तिथे बिघाड स्नायूत नसून त्याला आज्ञा देणाऱ्या मेंदूत किंवा मज्जारज्जूत असतो. बॅक्लोफेन हे मुख्यतः या ताठरतेचे औषध आहे, तर क्लोरझोक्साझोन आणि मेथोकार्बामॉल ही उसणीची. दोन्ही गटांना सरसकट 'मसल रिलॅक्संट' म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. रात्री पोटरीत गोळा येणे, म्हणजे पेटका, हा तिसरा प्रकार. तो काही सेकंदांत किंवा मिनिटांत सुटतो, आणि गोळीचा परिणाम सुरू होण्याच्या आत पोटरी ताणून धरल्याने आराम मिळतो. त्यासाठी रोज स्नायू सैल करणारे औषध घेण्याला सहसा काही आधार नसतो.

मात्र अंग दुखते म्हणजे स्नायूच बिघडला आहे असे नाही, आणि या मुद्द्यावर मी मुद्दाम थोडा अधिक थांबणार आहे. पावसाळ्यात मुंबई, ठाणे आणि कोकणात ताप येऊन पोटऱ्या असह्य दुखू लागल्या आणि डोळे लाल झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेतलीच पाहिजे. साचलेल्या पाण्यातून किंवा भातखाचरातून चाललेल्या माणसाने तर डॉक्टरांना ही गोष्ट आपण होऊन सांगावी. त्याच दिवसांत डेंग्यूही असतो. डेंग्यूच्या शंकेत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन अशी औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात, म्हणून ताप असताना अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून घेणे ही गंभीर चूक ठरू शकते. पाठदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, भूक न लागणे आणि वजन उतरणे असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासावा लागतो. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्वास्टॅटिन किंवा रोझुवास्टॅटिन घेणाऱ्यांच्या दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखू लागले, तर कारण त्या गोळीतही असू शकते. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाठदुखीबरोबर लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेभोवती बधिरपणा येणे, पायातली ताकद जाणे, ही लक्षणे दिसली तर गोळीचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. छाती, जबडा किंवा डावा खांदा दुखत असून घाम फुटला असेल तरीही तेच करावे.

दुसरी पायरी: पाकिटावरचे मोठे नाव सोडून बारीक अक्षरे वाचावीत

गोळीचे व्यापारी नाव मोठ्या अक्षरात असते, तर खरी माहिती त्याखालच्या छोट्या अक्षरांत असते. तिथे घटकद्रव्याचे नाव आणि त्यापुढे मिलिग्रॅममध्ये प्रमाण लिहिलेले असते. ही ओळ एका कागदावर उतरवून काढावी. भारतात या दुखण्यासाठी मिळणाऱ्या गोळ्या पुष्कळदा मिश्रणे असतात: अॅसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि क्लोरझोक्साझोन २५० हे एक नेहमीचे मिश्रण, अॅसिक्लोफेनॅक १०० आणि थायोकोल्चिकोसाइड ४ किंवा ८ हे दुसरे. नावापुढे जोडलेली अक्षरे काही सूचना देतात, पण त्यांवर विसंबू नये. वेदनेच्या गोळीवर 'एमआर' म्हणजे बहुधा मसल रिलॅक्संट, पण मधुमेहाच्या गोळीवर तीच अक्षरे औषध शरीरात सावकाश सुटते असे सांगतात. नाव तेच आणि शेवटचे अक्षर तेवढे बदललेले, अशा दोन गोळ्यांतले औषध पूर्ण वेगळे असू शकते.

पट्टीच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल, तर ते औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. काही मिश्रणांत सेरॅशिओपेप्टिडेज हे सूज उतरवणारे म्हणून घातलेले असते. जपानमध्ये, जिथे ते प्रथम औषध म्हणून रूढ झाले, तिथे परिणाम सिद्ध न झाल्यामुळे २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. ते वगळून तेच मिश्रण मिळत असेल तर देता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. तसेच मिश्रणातील घटक सुटे आणि जेनेरिक स्वरूपात मिळतात का, हेही विचारावे. जन औषधी केंद्रात ते पुष्कळ स्वस्त पडतात आणि सुट्या गोळ्यांत एखादा घटक आधी थांबवण्याची सोय राहते.

तिसरी पायरी: वेदनाशामक भाग स्वतंत्रपणे तपासावा

मिश्रणातल्या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची चर्चा होते आणि वेदनाशामक मागे राहते. खरे तर पोटाला, मूत्रपिंडाला आणि हृदयाला अधिक धोका त्याचाच असतो. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, आयबुप्रोफेन आणि एटोरिकॉक्सिब ही एकाच कुळातली औषधे आहेत. यांपैकी दोन एकाच वेळी घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, जठरातील व्रणाची शक्यता मात्र वाढते. एका डॉक्टरांनी गुडघ्यासाठी एक गोळी दिली आणि दुसऱ्यांनी मानेसाठी दुसरी, असे घडते तेव्हा नावे वेगळी असल्यामुळे कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणूनच घटकांची ओळ उतरवून काढायला वर सांगितले.

या कुळातही फरक आहेत. एटोरिकॉक्सिब पोटाला तुलनेने सौम्य, पण रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हृदयविकार असेल तर देऊ नये. डायक्लोफेनॅकबाबत युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये हृदयविकार, हृदयाची अकार्यक्षमता आणि पक्षाघात झालेल्यांना ते देऊ नये असे स्पष्ट केले. ज्यांना हृदयाची जोखीम आहे त्यांच्यासाठी डॉक्टर अनेकदा नॅप्रॉक्सेनचा विचार करतात, मग सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी द्यावी लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यांवर हे वेदनाशामक, असे तिन्ही एकत्र आले तर मूत्रपिंडावर एकदम भार पडतो. उन्हाळ्यात किंवा जुलाबात शरीरातले पाणी कमी झाले असताना तर अधिकच. गरोदरपणात ही औषधे स्वतःहून मुळीच घेऊ नयेत, आणि विसाव्या आठवड्यानंतर ती शक्यतो टाळलीच जातात.

पॅरासिटामॉल हे या कुळातले नाही. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज मद्यपान होत असेल तर ती बरीच खाली येते. मिश्रणाच्या गोळीतून आलेले पॅरासिटामॉल या हिशेबात धरावे आणि वर तापासाठी वेगळी गोळी घेताना बेरीज करावी.

चौथी पायरी: स्नायू सैल करणारी औषधे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत

येथे एक गोष्ट प्रथम समजून घ्यावी, कारण पुढचे सर्व तीतून उलगडते. ही औषधे 'स्नायू सैल करणारी' म्हणवली जातात, पण त्यांतली बहुतेक थेट स्नायूवर काम करत नाहीत; ती मेंदू आणि मज्जारज्जू यांना मंदावतात. दुखऱ्या कंबरेच्या जागी ती नेमकी जाऊन पोहोचतात ही समजूत चुकीची आहे. झोप, गुंगी, तोल जाणे हे त्यांचे दुष्परिणाम म्हणून सांगितले जातात, पण ते त्यांच्या कामाच्या पद्धतीतूनच येतात. ठळक अपवाद डॅन्ट्रोलीनचा: ते स्नायूपेशीतील कॅल्शियमची सुटका रोखते. ते ताठरतेसाठी वापरतात, यकृताला गंभीर इजा करू शकते, आणि साध्या उसणीच्या चिठ्ठीवर ते दिसणार नाही.

आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्यांपैकी एक म्हणजे थायोकोल्चिकोसाइड. त्याची कुळकथा इथल्या मातीशी जोडलेली आहे. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वालांसारखी फुलणारी कळलावी आपण सर्वांनी पाहिलेली असते. तिच्या बियांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून हे औषध तयार करतात. (कळलावीचा कंद आणि बिया अत्यंत विषारी आहेत, घरगुती उपाय म्हणून त्यांना हातही लावू नये.) या औषधाने इतरांच्या मानाने गुंगी कमी येते, म्हणून ते पसंत केले जाते. पण युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या, कारण शरीरात त्यापासून तयार होणारा एक पदार्थ पेशीविभाजनात गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो असे प्रयोगांत दिसले होते. मर्यादा अशा: तोंडाने दर बारा तासांनी ८ मिलिग्रॅम, सलग ७ दिवसांहून अधिक नाही, इंजेक्शन दर बारा तासांनी ४ मिलिग्रॅम, ५ दिवसांहून अधिक नाही, सोळा वर्षांखालील मुले, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, तसेच गर्भनिरोधक न वापरणाऱ्या आणि गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना नाही. म्हणजे ८ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असेल, तर चौदा गोळ्यांत मर्यादा संपते. जुनी चिठ्ठी दाखवून महिनाभराच्या पट्ट्या नेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्यही. फिट येण्याचा इतिहास असेल तर हे औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना तो कळलाच पाहिजे.

क्लोरझोक्साझोन हे जुने औषध. बहुधा मिश्रणातच भेटते. झोप येते, लघवी नारिंगी किंवा जांभळट होऊ शकते. क्वचित पण गंभीर असा यकृताचा दाह होतो, म्हणून भूक जाणे, डोळे पिवळे होणे, अंगाला खाज सुटणे यांकडे लक्ष ठेवावे. मेथोकार्बामॉलनेही लघवी तपकिरी, काळपट किंवा हिरवट दिसू शकते. त्याचे प्रमाण मोठे असते, पहिले दोन-तीन दिवस १५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा इथपर्यंत, आणि नंतर ते उतरवतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातली गोळी घेणाऱ्या माणसाने मात्र गडद लघवीचे खापर या औषधांवर फोडून स्वस्थ बसू नये.

सायक्लोबेन्झाप्रीनची रचना नैराश्यावरील जुन्या औषधांसारखी आहे आणि त्यामुळे त्याचे गुणदोषही तसेच: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडणे, हृदयाच्या ठोक्यांत फरक. साधारणतः ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात होते आणि वापर दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. शरीरातून ते हळू जाते, त्यामुळे रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती सकाळी गाडी चालवतानाही शिल्लक असू शकते. हृदयाच्या ठोक्यांचा आजार, हृदयाची अकार्यक्षमता किंवा थायरॉइड वाढलेला असेल तर ते देत नाहीत.

टिझानिडीन मुळात ताठरतेसाठी मान्य झालेले, पण आपल्याकडे उसणीतही भरपूर दिले जाते. ते लवकर चढते आणि तीन ते सहा तासांत उतरते. बहुधा २ मिलिग्रॅमने सुरुवात करतात. त्याचा विशेष धोका रक्तदाब एकदम उतरण्याचा आहे, म्हणून अंथरुणातून उठताना आधी कडेला बसावे आणि मग उभे राहावे. सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर ते कधीही घेऊ नये: हे प्रतिजैविक टिझानिडीन मोडणाऱ्या यकृतातील विकराला (एन्झाइमला) अडवते आणि रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दहापट होते. सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे जुलाबाला आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला सर्रास दिले जाते, त्यामुळे ही गाठ कागदावरची नाही. नैराश्यासाठी व मंत्रचळासाठी दिले जाणारे फ्लुवोक्सामीनही तसेच, किंबहुना अधिक.

बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा असे सुरू करून हळूहळू वाढवतात. ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला लहान मात्राही गुंगीत आणि भ्रमात ढकलू शकते, आणि डायलिसिसवरच्या रुग्णाला तर ते फार जपून, शक्यतो नाहीच. टोल्पेरिसोनने गुंगी कमी येते, पण २०१२ मध्ये युरोपात तीव्र अॅलर्जीच्या नोंदींमुळे त्याचा वापर पक्षाघातानंतरच्या ताठरतेपुरता मर्यादित झाला. डायझेपाम स्नायू सैल करते खरे, पण सवय लागण्याचा धोका मोठा. कॅरिसोप्रोडॉल शरीरात जाऊन मेप्रोबामेट या व्यसन लावणाऱ्या द्रव्यात बदलते; अमेरिकेत २०१२ पासून ते नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत सरकारने टॅपेन्टाडॉल (अफूच्या धर्तीचे एक वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या उत्पादन व निर्यातीच्या परवानग्या मागे घेण्याचे आदेश दिले. परदेशातल्या नातेवाइकाने कॅरिसोप्रोडॉल पाठवले तर ते घेऊ नये.

मग यांतले सरस कोणते? साध्या उसणीत एक दुसऱ्यापेक्षा निश्चित गुणकारी आहे असे दाखवता आलेले नाही, आणि या गटाचा एकूण फायदाही मोठा नाही. २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार कंबरदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत वेदना शून्य ते शंभरच्या मापावर सुमारे आठ अंकांनी कमी होते, आणि तेही फार खात्रीने सांगता येत नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका चाचणीत नॅप्रॉक्सेनला सायक्लोबेन्झाप्रीनची जोड दिल्याने आठवड्यानंतर अधिक फायदा दिसला नाही. म्हणून माझ्या मते निवड फायद्यावरून करण्यापेक्षा आपल्याला कोणता अपाय परवडणार नाही यावरून व्हावी: वाहन चालवणाऱ्याला गुंगी, यकृत बिघडलेल्याला क्लोरझोक्साझोन, रक्तदाब आधीच कमी असलेल्याला टिझानिडीन, आई होऊ इच्छिणारीला थायोकोल्चिकोसाइड.

पाचवी पायरी: डॉक्टरांसमोर स्वतःची माहिती मांडावी

रक्तदाब, मधुमेह, हृदय, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, जठरातील व्रण, दमा, फिट, काचबिंदू आणि वाढलेले प्रोस्टेट, यांपैकी जे असेल ते सांगावे. रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात, कारण नावे आठवत नाहीत. झोपेची गोळी, नैराश्याची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी आणि मद्यपान यांचा उल्लेख संकोचामुळे राहून जातो, आणि नेमका त्यांचाच या औषधांशी संबंध येतो. पासष्टीपुढच्या माणसांत स्नायू सैल करणारी बहुतेक औषधे टाळावीत असे वृद्धांच्या औषधोपचाराविषयीचे अमेरिकी निकष सांगतात, कारण रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचे हाड मोडणे हे मूळ कंबरदुखीपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. घरी आजी-आजोबांना अशी गोळी सुरू झाली असेल, तर पहिल्या काही रात्री त्यांच्या वाटेत दिवा लावून ठेवावा.

सहावी पायरी: घेण्याची आणि थांबवण्याची तारीख लिहावी

पहिली गोळी शक्यतो रात्री, दुसऱ्या दिवशी बाहेर जायचे नसताना घ्यावी, म्हणजे आपल्याला किती सुस्ती येते ते कळते. ती कळेपर्यंत दुचाकी चालवणे, शिडीवर चढणे, यंत्रावर काम करणे टाळावे. वेदनाशामक असलेली मिश्रणे जेवणानंतर घ्यावीत. सोबत गरम पाण्याची पिशवी, सोसेल तेवढे चालणे आणि दोन दिवसांहून अधिक अंथरुणाला न खिळणे, ही औषधाइतकीच उपचाराची अंगे आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शनात नव्या कंबरदुखीसाठी शेक आणि मालिश यांना गोळ्यांच्या आधी स्थान दिले आहे.

पट्टीवर पेनाने थांबवण्याची तारीख लिहून ठेवावी. तीन-चार दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर मात्रा स्वतः न वाढवता पुन्हा दाखवावे. उसणीसाठी थोडे दिवस घेतलेली गोळी बरे वाटताच बंद करता येते. महिनोन्महिने चालू असलेले बॅक्लोफेन मात्र एकाएकी कधीही थांबवू नये. भास होणे, तीव्र ताप, फिट येणे असे परिणाम होऊन जिवावर बेतू शकते. मोठ्या मात्रेतील टिझानिडीन अचानक सोडल्यास रक्तदाब उसळतो, आणि डायझेपामही टप्प्याटप्प्यानेच उतरवावे लागते. म्हणून गावाला जाताना, उपवासाच्या दिवसांत किंवा शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना या तीन औषधांचा साठा आणि वेळापत्रक आधी पाहून घ्यावे, आणि दुकानात ते उपलब्ध नसेल तर दुसरी गोळी मागण्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.